तुळसाक्कांना वजाबाकी येत नाही

“आज बी चुकल्या गं. कालच सांगितलं हुतं आपुन.”

“लई इसरत्यात. वय झालं न्हवं त्यांचं.”

“मग उद्या परत सांगाय लागंल.”

शाळेच्या हौदाजवळ दोन मुली पाट्या धूत बोलत होत्या. दोघींची उंची मिळून माझ्याएवढी झाली असती. बोलण्यात चेष्टा अजिबात नव्हती. घरातल्या दुखणाईत माणसाबद्दल बोलावे तशी काळजी होती. त्या ज्यांच्याविषयी बोलत होत्या त्या दुसरीच्या बाई, तुळसाक्का. माझा शाळेतला तो पहिलाच दिवस होता आणि हे ऐकून मला काय वाटले ते लिहायला आज लाज वाटते. मला फार बरे वाटले. या शाळेत माझ्याहून कमी जाणणारे कोणीतरी आहे, एवढाच त्याचा अर्थ मी घेतला.

मी बेळगावची. कँपातल्या मडमांच्या शाळेत शिकले. तिथे बोलण्यापूर्वी परवानगी मागावी लागे, आणि ती मी फारशी मागितली नाही. वडील वकील असल्यामुळे घरातले बोलण्याचे काम त्यांच्याकडे होते. मॅट्रिक झाल्यावर मुलीने चारचौघांत वावरावे असे त्यांनी ठरवले आणि मला निपाणीच्या वाटेवरच्या एका गावी आत्याकडे पाठवून तिथल्या मुलींच्या शाळेत शिकवायला लावून दिले. गावाचे नाव सांगत नाही, कारण तिथे अजून माणसे राहतात आणि त्यांतली काही वाचतात. दुसरी लढाई सुरू होण्याच्या थोडी आधीची ही गोष्ट. मी तिथे तीन वर्षे होते, आणि तिन्ही वर्षे कुडाच्या तट्टीपलीकडे तुळसाक्कांचा वर्ग भरत होता.

तट्टीला फटी होत्या. मी माझ्या वर्गाला शुद्धलेखन घालून फटीतून पाहत असे. तुळसाक्का पंचेचाळिशीच्या, उंच, हाडापेराने मोठ्या. दात मिश्रीने काळे. तंबाखूच्या मुलखात मिश्री न लावणारी बाईच लोकांच्या नजरेत येते. लुगड्याच्या ओच्यात खडूचे तुकडे. तंबाखूच्या वखारीकडून वारा सुटला की सगळी शाळा शिंकायची, तेव्हा त्या शिकवणे थांबवून शिंका मोजायला लावत. त्या बाजूच्या बायका बोलताना “मी जातो, मी येतो” म्हणतात, तशाच त्याही बोलत. माझ्या कानाला ते आधी चूक वाटले. त्यांच्या फळ्यावरही चूकच होती. बावन्नातून सत्तावीस वजा, आणि खाली ठळक अक्षरात पस्तीस.

त्या पस्तीस लिहून मागे सरत आणि कमरेवर हात ठेवून समाधानाने बघत उभ्या राहत. मग मागच्या बाजूने एक बारीक आवाज येई, “बाई, चुकलं.”

“कुठं गं? पाचातनं दोन गेलं, तीन. सातातनं दोन गेलं, पाच. पस्तीस की.”

“तसं न्हाय बाई. दोनातनं सात काढायचं हाईत. जात न्हाईत. शेजारच्या पाचाकडनं एक दहा मागून घ्या.”

“आनि त्यानं दिलं न्हाय तर?”

सगळा वर्ग उठून त्यांना समजावू लागे. मला त्या बाईंची दया आली. तोंडाने सांगण्याची सोय नव्हती, म्हणून मी एका चिठ्ठीवर ‘५२ − २७ = २५. क्षमस्व.’ असे लिहून सुट्टीत त्यांच्या खडूच्या डब्याखाली ठेवले. दुसऱ्या दिवशी तीच चिठ्ठी माझ्या हजेरीपटात मिळाली. माझ्या उत्तराखाली मोठ्या अक्षरात लिहिले होते, ‘बरोबर. शाब्बास.’

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला बोलावले. “ये गं पोरी, बस. चिट्टी कशापाई लिवलीस? तोंड हाय की तुला.”

त्यांनी भाकरीचा चतकोर माझ्या हातावर ठेवला.

“वजाबाकी येतीया मला. परवा चौदा पाट्यांवर पस्तीस हुतं. पोरीला म्हनावं, तुझं चुकलं, तर ती आठ दिस तोंड उघडत न्हाय. तुझ्यावानी. म्हनून मी त्यांचीच चूक उचलतो आनि फळ्यावर माझ्या नावानं लिवतो. माझं चुकलं म्हनल्यावर चौदाच्या चौदा मला शिकवाय उठत्यात. शिकवता शिकवता शिकत्यात.”

चूक कोणतीही चालत नसे. रोज संध्याकाळी त्या पाट्या गोळा करून बघत आणि जी चूक जास्त मुलींनी केली असेल तीच दुसऱ्या दिवशी फळ्यावर जाई. “चूक पोरीच्या अंगावर ठिऊ नये,” त्या म्हणाल्या. “आपल्या अंगावर घ्यावी. मग काढाय सगळी येत्यात.”

“पण त्यांना कळलं तर?” मी विचारले. वर्गाबाहेर त्या शाळेत बोललेले माझे हे पहिले वाक्य.

“कळलं तर खेळ खलास. बाई नाटक करतीया म्हनल्यावर कोन शिकवंल? म्हनून कुनाला सांगत न्हाय. तू बी सांगू नगंस.”

गाव मात्र त्यांना खरोखरच कच्च्या समजत होते. मुली घरी जाऊन सांगत, घरचे हळहळत. एकीची आजी मूठभर बदाम घेऊन शाळेत आली आणि बाईंना म्हणाली, रातीला भिजत घाला, डोक्याला बरं असतंय. तुळसाक्कांनी ते घेतले आणि महिनाभर खाल्ले. मी बघत राहिले तेव्हा म्हणाल्या, “वजाबाकी खोटी हाय, बदाम खोटं न्हाईत न्हवं.” मुलींच्या दयेची त्यांना थोडी चटकही लागली असावी. कधी कधी त्या गरजेपेक्षा जास्त वेळ चुकत.

संध्याकाळच्या परवच्याला सगळी शाळा ओसरीवर बसून पाढे म्हणे. मला पावकी-निमकी येत नव्हती. मडमांच्या शाळेत अर्ध्याचा पाढा नसतो. मी नुसते ओठ हलवत उभी राहत असे. हे कोणाच्या लक्षात आले नसेल असे मला वाटे. त्याच सुमारास परवचा संपला की तुळसाक्का माझ्याबरोबर आत्याच्या घरापर्यंत चालत येऊ लागल्या आणि वाटेत निमकी पुटपुटू लागल्या. “नऊ निमे साडेचार, अकरा निमे साडेसहा.” चार पावले चालून मी हळूच म्हणे, साडेपाच. “व्हय काय? बघ, माझं काय खरं न्हाय.” पंधरा दिवसांत मला निमकी पाठ झाली. त्या माझ्यासाठी चुकत होत्या हे मला समजायला आणखी महिना लागला. मॅट्रिकची परीक्षा मी पहिल्या वर्गात पास झाले होते.

आता शाळाखात्याविषयी. खात्याला आपल्या शिक्षकांच्या बुद्धीचा एकमेकांना उपयोग व्हावा असे मनापासून वाटत असे. म्हणून दर तीन महिन्यांनी आसपासच्या बारा शाळांचे संमेलन भरे. त्यात एक आदर्श पाठ, त्यावर चर्चा आणि चहा-चिरमुरे. शेवटी प्रत्येकाने स्वतःच्या वर्गात वापरून पाहिलेली एक युक्ती एका जाड वहीत लिहायची. वहीवर ‘अनुभवसिद्ध युक्त्यांचा संग्रह’ असे लिहिले होते. संमेलनाचा वृत्तान्त इंग्रजीत लिहून बेळगावच्या कचेरीत पाठवायचा असे. ते काम माझ्याकडे आले म्हणून मी ती वही पहिल्यापासून वाचली. बारा शाळांपैकी आठांनी चिंचोक्यांनी बेरीज शिकवली होती. आठही जणांना ती स्वतःलाच सुचली होती. एका गुरुजींनी शेजारच्या शाळेची युक्ती उतरवताना त्या शाळेचे नावही उतरवले होते. दुसऱ्या एकांनी ‘मागील पानावरून पुढे’ हे शब्दसुद्धा सोडले नव्हते. तुळसाक्कांच्या नावापुढे दर वेळी नुसती सही, वर जागा कोरी.

“काहीतरी लिहा ना,” मी म्हटले.

“युक्ती कागदावर बसत न्हाय गं. पोरींत बसती.”

माझ्या त्या पहिल्याच वर्षी पुढचे संमेलन आमच्या शाळेत होते, आणि आदर्श पाठ आमच्या हेडमास्तरांचा. हेडमास्तर धारवाडास ट्रेनिंग घेऊन आलेले. ते प्रत्येक वाक्यात ‘अर्थातच’ म्हणत, त्यामुळे त्यांच्याशी बोलताना सगळे आधीच ठरलेले आहे असे वाटे. त्यांनी मला बोलावून घेतले. “तुम्ही मडमांच्या शाळेतल्या. विलायती पुस्तकांत एखादी नवी पद्धत असेलच. अर्थातच, एक पान पुरे.”

माझ्याजवळ इंग्रजी पुस्तके दोनच होती, एक शिवणकामाचे आणि एक पत्रलेखनाचे. ‘नाही’ म्हणण्यासाठी बोलावे लागले असते. लिहिणे सोपे होते. तट्टीच्या फटीतून जे पाहिले ते मी एका बैठकीत इंग्रजीत लिहून काढले. फळ्यावर घालायची चूक निवडणे, मागे सरून उभे राहणे, मुलींनी समजावणे, बाईंचा मुद्दाम न समजण्याचा हट्ट, सगळे. नाव लिहिले नाही. सांगायचे नाही असे कबूल केले होते, आणि नाव न घालणे म्हणजे न सांगणेच, अशी मी माझी समजूत घातली.

हेडमास्तरांनी ते पान तीनदा वाचले. “वा. इंग्रज लोक मुळाशी जातात. ग्रंथकर्ता कोण?”

मी जमिनीकडे पाहिले.

“अर्थातच, नाव महत्त्वाचे नाही.” त्यांनी पद्धतीचे नाव मात्र ठेवले, ‘हेतुपुरस्सर स्खलन पद्धती’.

पाठाची तालीम आठ दिवस चालली. चौथीच्या मुली निवडल्या होत्या. पहिली चूक गोदीने धरायची, दुसरी शेवंताने, आणि गुरुजी “अरे, खरेच की” म्हणेपर्यंत कोणी खाली बसायचे नाही. तट्टीपलीकडून तुळसाक्का ऐकत होत्या. परवच्यानंतर त्यांनी मला विचारले, “तू लिवलंस?”

मी होकारार्थी मान हलवली.

त्या रागावतील असे वाटले होते. त्या म्हणाल्या, “बरं झालं. हेडमास्तरांच्या तोंडनं का हुईना, बारा शाळांत जाऊ दे. कुठंतरी एक पोरगी तोंड उघडंल.” मग म्हणाल्या, “माझं नाव न्हाय न्हवं त्यात?”

“नाही.”

“मग झ्याक. पन एवढं पाठ करून चुकत्यात व्हय गं कुनी?”

संमेलनाच्या दिवशी शाळा तपासणारे डिपोटीसाहेब चिकोडीहून सकाळच्या मोटारीनेच आले. कोणाला वर्दी नव्हती. दुसरीच्या बाईंना गणित येत नाही, असा एक निनावी अर्ज त्यांच्याकडे गेला होता. तुळसाक्कांचे ट्रेनिंग झालेले नव्हते. त्यांची नेमणूक कच्ची, दरसाल साहेबांच्या शेऱ्यावर पुढे सरकणारी. नवरा वखारीत पान निवडायला जाई, तेही हंगामापुरते. बारा महिने चालणारे काम त्या घरात हे एकच होते.

साहेब सरळ दुसरीच्या दारात उभे राहिले. फळ्यावर बावन्नातून सत्तावीस, खाली पस्तीस. एक मुलगी बाकावर चढून बाईंना हातवारे करून समजावीत होती. मी फटीशी होते. तुळसाक्कांनी साहेबांना पाहिले, मग मुलींकडे पाहिले.

“बाई, हे काय?”

“चुकलं साहेब. पोरी सांगाय लागल्यात.”

बाकावरची मुलगी त्यांच्या मदतीला आली. “रोज चुकत्यात साहेब. पन आमी सांगतोय. रागवू नगासा त्यास्नी.”

साहेबांनी खिशातून टिपणवही काढली.

दुपारी बारा शाळांचे शिक्षक ओसरीवर दाटीने बसले. स्वागताच्या पद्यासाठी दुसरीच्या मुली पुढच्या रांगेत बसवल्या होत्या. पद्य झाल्यावर त्यांना उठवायचे कोणाच्या ध्यानात राहिले नाही. हेडमास्तरांनी विलायतेतील शिक्षणशास्त्राच्या प्रगतीवर पाऊण तास भाषण केले. ते इतके संस्कृत होते की मुलींना त्यातले अक्षरही कळले नाही. मोठ्यांनाही फारसे कळले नसावे, कारण सगळे माना डोलवत होते. मग पाठ सुरू झाला. साहेब पुढ्यात बसलेले. हेडमास्तर फळ्याशी गेले. त्यांनी तेच गणित फळ्यावर मांडले आणि भीतीने हात आपल्या सवयीने चालला. त्यांनी पंचवीस लिहिले.

गोदी उभी राहिली. “गुरुजी, चुकलं.”

हेडमास्तरांनी फळ्याकडे पाहिले. “काय चुकलं?”

“पस्तीस लिवतो म्हनलासा की. पंचवीस लिवलासा.”

शेवंताही उठली, कारण तिलाही उठायला सांगितले होते. गुरुजी “अरे, खरेच की” म्हणेनात, त्यामुळे दोघी बसेनात. शेवटी त्यांनी ते म्हटले, बरोबर उत्तर पुसले, तिथे पस्तीस लिहिले आणि मग ते पस्तीस चूक कसे हे मुलींकडून वदवून घेतले. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. पद्धत विलायती असल्यामुळे आपल्या हवेत रुजायला वेळ लागणारच, असे ते म्हणाले. चहा संपेपर्यंत वही बाराही शाळांतून फिरून आली. बारा वेगवेगळ्या हस्ताक्षरांत एकच युक्ती होती, हेतुपुरस्सर स्खलन पद्धती, ‘माझ्या वर्गात अनुभवसिद्ध’. चिंचोके एका दुपारीत हद्दपार झाले.

समारोपाला साहेब पुन्हा उठले. “एकीकडे ही शास्त्रीय दृष्टी,” ते म्हणाले, “आणि दुसरीकडे, सांगायला खेद वाटतो, याच शाळेत दुसरीच्या बाईंना साधी वजाबाकी येत नाही. मी सकाळी स्वतः पाहिले. मुलींनी बाईंना शिकवावे ही कुठली रीत? यांची नेमणूक पुढे चालू ठेवण्याची शिफारस मला करता येणार नाही. बाई, तुम्हाला काही सांगायचे आहे?”

तुळसाक्का पदर सावरून उभ्या राहिल्या. हेडमास्तर कौलांकडे बघत होते. सकाळचा फळा त्यांनीही येता-जाता पाहिला होता. आपल्या हातातले ते पान कुठून आले असावे हे त्यांना नुकतेच उमगू लागले होते, असे त्यांच्या मानेवरून वाटले. पण त्यांना ‘अर्थातच’ सुचेना.

“व्हय साहेब,” तुळसाक्का म्हणाल्या. “काय सांगायचं न्हाय.”

मी त्यांच्याशेजारी बसले होते. त्यांचा पदर ओढून कुजबुजले, “सांगा ना त्यांना.”

“पोरी बसल्यात म्होरं,” त्या तशाच हळू बोलल्या. “त्यांच्यादेखत कसं सांगू? मला त्यांनीच शिकवलंय असं वाटतंय त्यास्नी.”

पुढच्या रांगेतली ती सकाळची मुलगी मागे वळली. सगळे ऐकत आहेत याची तिला पर्वा नव्हती. “बाई, तुमी भिऊ नगासा. आमी घरला येऊन शिकवतो.”

कोणीतरी हसले. साहेबांनी टोपणाची पेन्सिल काढली आणि त्या शेऱ्यासाठी कागद मांडीवर घेतला. मला वर्गाची हजेरी घेतानाही घाम फुटत असे. ओसरीवर पन्नास-साठ माणसे होती, आणि त्यांतल्या बहुतेकांनी माझा आवाज कधी ऐकला नव्हता. मी उभी राहिले ते मला माझ्या सावलीवरून कळले. मराठीत बोलले असते तर पुढच्या रांगेतल्या मुलींना समजले असते. मी इंग्रजीत बोलले, वृत्तान्त लिहायचे तसे, एकेक वाक्य पुरे करून. त्या ओसरीवर ते फक्त साहेबांना पुरते कळले, हेडमास्तरांना अर्धे.

“साहेब, हेडमास्तरांनी दाखवली ती पद्धत विलायतेची नाही. ते पान मी लिहिले, तट्टीच्या फटीतून तुळसाक्कांना शिकवताना पाहून. सकाळी त्यांच्या फळ्यावर तुम्ही जी पाहिलीत ती हीच पद्धत, आणि तिला तालीम लागत नाही. त्यांचे नाव मी घातले नाही, हा माझा दोष आहे. त्यांना वजाबाकी उत्तम येते. फक्त माझी एक विनंती आहे, मला उत्तर देताना मराठीत देऊ नका. त्यांच्या मुली समोर बसल्या आहेत.”